विहिरीपाशी अडलेला खेळ

आमच्या घरात एखाद्याला अगदी समोरची गोष्ट काही केल्या सुचेनाशी झाली की आम्ही म्हणतो, "त्याची बाटली झाली." बाहेर हे बोलायची सोय नाही. जैनाच्या घरात बाटली कुठली म्हणून लोक डोळे वटारतात. तेव्हा ती बाटली दुधाची होती, हे आधीच सांगून टाकतो.

निपाणीत घराला लागूनच वडिलांचं शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. मी दहा वर्षांचा आणि आक्का चौदाची असताना काकांनी बेळगावहून दुकानासाठी म्हणून एक जुना कॉम्प्युटर आणला. वडिलांनी आठवडाभर त्याच्याकडे संशयाने बघितलं, मग त्याच्यावर टॉवेल टाकला आणि तो घरी पाठवून दिला. त्याच्याबरोबर एक सीडी आली. त्या सीडीने आम्हा दोघा भावंडांना जे वेड लावलं ते अजून उतरलेलं नाही, आणि उतरूही नये.

सीडीत एक अ‍ॅडव्हेंचर गेम होता. गेम म्हटलं की हल्ली बंदुका आणि गाड्या डोळ्यांसमोर येतात, म्हणून सांगतो. या खेळात मारामारी नसते आणि घाईही नसते. पडद्यावर एक चित्र असतं, त्यात एक माणूस उभा असतो. आपण त्याला चालवायचं, दिसेल ते निरखायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, सापडेल ती वस्तू झोळीत टाकायची आणि कुठली वस्तू कुठे कामाला येईल ते डोकं खाजवून शोधायचं. ते सापडलं की गोष्ट पुढे सरकते. नाही सापडलं तर बसा तिथंच, महिनाभर बसा, खेळाला त्याचं काही नसतं.

आमच्या खेळात धुक्यातलं एक इंग्रजी गाव होतं. तिथला घड्याळजी नाहीसा झाला होता आणि त्याला आपण शोधायचं होतं. आम्हाला इंग्रजी यायचं ते शाळेपुरतं. आक्का मांडीवर डिक्शनरी घेऊन बसायची आणि मी माउस धरायचो. पण बसायच्या आधी आईचं एक काम असायचं.

परसात आड होता. आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. दुहेरी कापडातून गाळायचं, आणि कापडात जे उरतं ते थोड्या पाण्याने छोट्या बादलीत उतरवून परत त्याच आडात सोडायचं. त्या पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव त्यांच्या घरी परत गेले पाहिजेत म्हणून. वरून ओतायचं नाही, त्यांना लागेल. त्या बादलीच्या तळाला एक कडी असते. कडीला बारीक दोरी बांधायची, बादली पाण्याला टेकेपर्यंत सोडायची आणि मग ती दोरी ओढून अलगद कलती करायची. सुट्टीत हे काम आमच्याकडे होतं. झालं की आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "पाणी झालं न्हवं? जा आता खेळायला!" आणि आम्ही जे पळत सुटायचो!

तर त्या धुकट गावात एका म्हातारीचं घर होतं. ती दार उघडत नव्हती. सगळा खेळ तिच्या दारापाशी अडला. आम्ही तिला फुलं दिली, मांजर दिली, छत्री दिली, खिडकीवर खडे मारून बघितले. घड्याळजीच्या स्वयंपाकघरात फळीवर सापडलेल्या रिकाम्या दुधाच्या बाटल्या झोळीत पडून होत्या, त्या टाकूनही देता येत नव्हत्या म्हणून मी त्यांच्यावर चिडायचो. तब्बल आठ महिने आम्ही त्या दारात उभे होतो. शाळा सुरू झाली, सहामाही आली आणि गेली, तरी आमचा तो माणूस आपला धुक्यात उभाच.

मग एके दिवशी शेजारच्या घरात टीव्हीवर कसलासा इंग्रजी सिनेमा चालला होता. आक्का तिथून अनवाणी पळत आली, केसांची एक वेणी घातलेली आणि एक सुटलेली.

"बाटली! बाटली भाईर ठेवायची रं! दाराच्या भाईर!"

तिकडे लोक रिकाम्या बाटल्या दाराबाहेर ठेवतात, दूधवाला त्या उचलून भरलेल्या ठेवतो. तिकडच्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नसणार. आमच्याकडे गवळी यायचा तो मापाने पातेल्यात दूध ओतून जायचा. आम्हाला कसं कळणार? बाटल्या ठेवल्या, दूधवाला आला आणि दूध घ्यायला म्हातारीने दार उघडलं. आम्ही दोघं इतक्या मोठ्याने ओरडलो की वडील दुकानातून उठून आले. तो आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय. लग्नाच्या वेळीसुद्धा झाला, पण एवढा नाही. हे बायकोला माहीत आहे.

त्या दिवशी आक्काने ठरवलं की आपण असे खेळ बनवायचे.

पुढे त्या खेळांचे दिवस फिरले. बेळगावला कॅम्पातल्या एका दुकानात मी दर सुट्टीला जायचो. आधी अख्खी एक फळी असायची, मग अर्धी झाली, मग कोपऱ्यात दोन खोकी उरली. शेवटी दुकानदार म्हणाला, "तसलं आता येत न्हाय वो. कोण घेत न्हाय. गाड्यांचं न्या, लई खपतंय." मी तिथंच त्याच्याशी भांडलो. त्याचं काय चुकलं होतं? तो जे खपतं ते ठेवत होता. राग मात्र खरा होता.

आक्काचं दुःख त्याहून मोठं. ती शिकून बेंगळूरला गेली आणि नशीब असं की असेच खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. दोन वर्षं ती आणि आणखी चौघं एका खेळावर खपली. तो पुरा होत आला आणि वरच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की हे बंद. त्यांचा हिशोब सरळ होता. गोष्टीचा खेळ माणूस एकदा खेळतो, गोष्ट कळली की बाजूला ठेवतो. त्याला रोज परत कसं आणायचं? त्यापेक्षा फोनवर रंगीत गोट्या फोडायचा खेळ करा, माणूस बसमध्ये फोडेल आणि बाथरूममध्येही फोडेल. आक्काने गोट्या फोडायला नकार दिला आणि ती घरी आली. येताना त्या न निघालेल्या खेळाची एक डिस्क घेऊन आली. मग लग्न झालं, ती बेळगावच्या शहापुरात गेली. सासरचं साड्यांचं दुकान, गल्लीत दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटाखट. एका शाळेत ती कॉम्प्युटर शिकवायला लागली. डिस्क तिच्या लोखंडी कपाटात, ठेवणीतल्या साड्यांखाली गेली. मी कधी तो विषय काढला की ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे रं." तिच्या 'ऱ्हाऊ दे'चा मला फार त्रास व्हायचा.

मी बेळगावातच, उद्यमबागेच्या कारखान्यांत, एका फाउंड्रीत कॉम्प्युटरवर साचे काढतो. वडील गेल्यावर आई माझ्याकडे असते आणि रविवारी आम्ही दोघं शहापूरला आक्काकडे जातो. तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी तिथं गेलो तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतच. कारण मला कळलं होतं की आमचे खेळ मेलेले नाहीत!

झालं होतं असं. आता खेळ दुकानाच्या फळीवर लागतच नाहीत, इंटरनेटवरच्या दुकानात लागतात आणि तिथली फळी कधी भरत नाही. खपलं नाही म्हणून कुणी उचलून फेकत नाही. त्या दुकानात मी सहज शोधलं तर काय, नवे अ‍ॅडव्हेंचर गेम! कुठं नवरा-बायको दोघंच घरी बसून बनवतायत, कुठं एकटी बाई नोकरी सांभाळून पाच वर्षं चित्रं काढतेय. लहानपणी हे खेळ खेळलेली पोरं आता माझ्यासारखी टक्कल पडलेली झालीत आणि ती हे खेळ घेतायत, आपल्या पोरांना मांडीवर घेऊन खेळतायत. लोक खाली लिहीत होते की आम्हाला वाटलं होतं हे संपलं. मीही लिहिलं. मला किती आनंद झाला होता ते माझ्या स्पेलिंगच्या चुकांवरून दिसेल.

मी आक्काला सगळं दाखवलं. तिने चष्मा लावून तासभर बघितलं. मग म्हणाली, "चित्रं तू काढशील?"

असा आमचा खेळ सुरू झाला.

गोष्ट आक्काची. शहापूरची एक मुलगी एका लग्नाची साडी घेऊन कागलकडे निघते. मध्येच सीमाप्रश्नावरून काहीतरी पेटतं आणि बस कोगनोळीच्या, राज्याच्या हद्दीवरच्या नाक्याअलीकडे थांबते. पुढे जायचं तर आता रस्ता सोडून मळ्यामळ्यांतून. आमच्या भागात हे कुणाला नवीन आहे? बस थांबली की लोक शांतपणे पिशव्या घेऊन उतरतात आणि पलीकडची गाडी बघायला चालू लागतात. मुलगी पहिल्याच मळ्यात शिरते तो तिथं विहिरीवर एक बाई. गोष्टीचं खरं दार म्हणजे त्या मळ्याचं पलीकडचं फाटक, आणि ते बाईच्या हातात.

बाईला आवाज आईचा. तो टिपायचा म्हणजे एक सोहळाच झाला. गल्लीत माग चालू असले की खटाखट, आणि माग बंद तेव्हाच असतात जेव्हा लाइट जाते. मग लाइट गेली रे गेली की आवाज घुमू नये म्हणून आम्ही आईला गाद्या रचलेल्या खोलीत बसवायचो आणि फोनवर आवाज घ्यायचो. पहिल्याच दिवशी आईने संप केला. आम्ही लिहिलं होतं की बाई आधी काम सांगते आणि मग पाणी देते.

"तान्हेल्या माणसाला आदी हे कर, ते कर म्हणायचं? मी न्हाय असलं बोलणार."

"आई, खेळ आहे गं."

"खेळ असू दे, न्हायतर काय बी असू दे. आदी पाणी द्या तिला."

आम्ही गोष्ट बदलली. आता बाई मुलीला बादली, दोर, कापड देते आणि म्हणते, घे बाळ, पाणी पी. मुलीने पाणी शेंदायचं, गाळायचं, प्यायचं. आणि कापडात उरलेलं पाणी कडीच्या बादलीतून परत विहिरीत सोडायचं. मग बाई फाटक उघडते. सोपं! पहिलंच कोडं, सोपंच हवं.

आम्ही ते आधी आईला खेळायला दिलं. आईने जन्मात माउस धरला नव्हता. तिने पडद्याकडे बघितलं आणि लगेच म्हणाली, "हिनं गाळण्यातलं पाणी तसंच ठेवलंय की. ते कोण सोडायचं?" संपलं कोडं! मग निपाणीच्या काकूंना दिलं, चिकोडीच्या मावशीला दिलं, तिच्या कन्नड शाळेत जाणाऱ्या नातींना दिलं. सगळ्यांनी चुटकीसरशी सोडवलं. मावशी तर म्हणाली की फार सोपं केलंय, जरा अवघड करा. मी हवेत होतो. फाउंड्रीत मी तीन जणांना सांगून टाकलं की आमचा खेळ जग गाजवणार.

तिघांतला एक आमचा फोरमन, खानापूरकडचा शेतकरी गडी, नोकरी आणि भात दोन्ही सांभाळणारा. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला लॅपटॉप दिला. पाणी शेंदलं, गाळलं, मुलगी पाणी प्याली. मग तो फाटकाकडे गेला. फाटक बंद. बाईकडे आला. बाई गप्प. त्याने बाईला साडी दाखवली, दोर फाटकाला बांधून ओढला, कापड फाटकावर वाळत घातलं, बादली कुत्र्यापुढे ठेवली. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी तो तिथंच.

"काय बाई हाय वो ही? पाणी पाजली, बाळ म्हणाली, आन् फाटक का उघडंना?"

मी हसलो. पण मग दुसऱ्याचं तेच झालं. तिसऱ्याचं तेच. आक्काने इंटरनेटवरच्या ओळखीच्या काही लोकांना खेळ पाठवला, त्यातले काही तर या खेळांत मुरलेले. सगळे विहिरीपाशी. एकाने विहिरीत उडी मारायचा प्रयत्न चिकाटीने चालवला होता.

रविवारी मी आक्काकडे गेलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती.

"कळलं काय रं तुला? आपण बाटली केली."

आठ महिने आम्ही ज्या दारात उभे राहून त्या इंग्रजांना नावं ठेवली, तेच दार आम्ही जगाच्या तोंडावर बंद केलं होतं. आणि तपासून कुणाकडून घेतलं, तर आईकडून, काकूंकडून आणि मावशीकडून! अख्ख्या पंचक्रोशीत ज्यांना उत्तर जन्मापासून पाठ आहे, नेमकी तीच माणसं आम्ही निवडली होती. इतके शहाणे आम्हीच.

आणि वेळ उरला नव्हता. त्या इंटरनेटच्या दुकानात आठवड्याभराचा एक मेळा भरतो. त्यात न निघालेल्या खेळांचा पहिला तुकडा फुकट खेळायला ठेवतात. आमचं नाव लागलेलं होतं आणि मेळा तीन आठवड्यांवर होता. आक्का ज्या आवाजात 'ऱ्हाऊ दे' म्हणते त्याच आवाजात म्हणाली, "मेळ्यात एक जरी परकं माणूस विहीर ओलांडून पुढं गेलं, तर मी दुसरा भाग करणार. एक बी गेलं न्हाय, तर ही डिस्क बी त्या डिस्कवर ठेवणार. मग माझ्याफुडं परत विषय काढायचा न्हाय."

ती नुसतं बोलत नव्हती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी घाबरलो. मी तिथल्या तिथं म्हणालो की कडीवर लुकलुकणारा बाण लावू. लोक तिथं दाबतील आणि पुढे जातील.

"बाण लावायचा तर खेळ कशाला? तसं असंल तर कागदावर उत्तर लिहून दे त्यांना."

"आक्का, लोकांकडं वेळ न्हाय आता!"

"वेळ न्हाय म्हणूनच तर बेंगळूरच्या त्या साहेबानं बंद केलं न्हवं? तू बी तेच बोल."

आमचं जोरात भांडण झालं. बाहेर माग चालू होते म्हणून बरं, नाहीतर गल्ली गोळा झाली असती. आई कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. ती आक्काला म्हणाली, "तुला कडीचं कुणी सांगितलंतं गं?"

आक्का तिच्याकडे वळली.

"मी सांगितलंतं व्हय कवा? मी करताना बघून शिकलीस. हा बी तुझं बघून शिकला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खरंच की! आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही आडाच्या कडेला उभे राहून बघितलं होतं, रोज, दात घासता घासता. मी उडीच मारली. बाण नको, बाई हवी! मुलगी मळ्यात येते तेव्हा बाई आपलंच पाणी काढत असते. शेंदते, गाळते, कापड बादलीत उलटं करून धुते, कडीला दोरी बांधते, बादली सावकाश खाली सोडते, कलती करते. जो थांबून बघेल त्याला सगळं कळेल. न थांबणाऱ्याला विहीर आहेच.

ते तीन आठवडे मी फाउंड्रीतून सुटलो की सरळ शहापूर गाठायचो. आईला निपाणीला काकांच्या मळ्यातल्या विहिरीवर नेऊन तिचं सगळं काम फोनमध्ये टिपलं आणि एकेक हालचाल काढली. बादली कलती करताना आईचं डोकंही त्याच बाजूला कलतं, हे मला त्या वेळी पहिल्यांदा दिसलं. तेही काढलं. आक्का रात्रंदिवस जोडत होती. मधेच आईचे उरलेले आवाज तिने एकटीने घेतले आणि ते कुठे लावलेत विचारलं तर म्हणाली, "गप काम कर."

मेळा सुरू झाला. खेळणारा किती पुढे गेला ते आक्काच्या पडद्यावर कळायचं. पहिल्या दिवशी लोक आले आणि विहिरीपाशी थांबले. दुसऱ्या दिवशी तेच. माझा जीव टांगणीला! बाईचं सगळं काम व्हायला जवळजवळ मिनिट लागायचं आणि एवढा वेळ कुणी उभंच राहत नव्हतं. येत होते आणि धाडकन फाटकाकडे पळत होते. शुक्रवारी मी पुन्हा बाणाचा विषय काढला, तर आक्काने पडदा माझ्यापासून वळवून घेतला. शनिवारी तिने पडद्याकडे बघणंच सोडलं आणि साड्यांच्या घड्या घालत बसली. मला ते बघवत नव्हतं.

रविवार शेवटचा दिवस. दुपारी फोरमनचा फोन आला. "साहेब, एक बाई तुमचा खेळ खेळालीय. समद्या जगाला दाखवून खेळालीय! बघा की!"

काही लोक खेळता खेळता आपला पडदा आणि चेहरा इंटरनेटवर दाखवत असतात, ही तसली होती. कुठल्यातरी थंड देशातली, डोक्यावर लोकरीची टोपी, बोलणं मोडक्या इंग्रजीत. मी आक्काला ओढतच आणलं. आई आपली शेंगांची पाटी घेऊन आली.

मुलगी बसमधून उतरली, मळ्यात शिरली. टोपीवालीने बाईकडे बघितलंच नाही, थेट फाटकाकडे. फाटक बंद. "अरे देवा," मी म्हणालो. ती परत फिरली, बाईने पाणी दिलं, ते काढलं, गाळलं, प्याली. फाटक बंद. साडी दाखवली. बंद. दोर बांधला. बंद. आता ती कंटाळणार आणि जाणार हे मला दिसत होतं. आक्काने डोळे मिटून घेतले.

मग टोपीवाली म्हणाली की सगळं पहिल्यापासून करू, पण आधी माझी कॉफी. खेळ नव्याने सुरू करून, मुलीला मळ्यापर्यंत आणून तिने माउस सोडला आणि कप दोन्ही हातांत धरला. मळ्यात मुलगी उभी, काहीच न करता. आणि पलीकडे आमची बाई आपलं काम करत होती. शेंदलं. गाळलं. कापड उलटं केलं. कडीला दोरी बांधली. टोपीवालीचा कप तोंडापाशी थांबला. बादली हळूहळू खाली गेली, पाण्याला टेकली, कलती झाली. बाईचं डोकं कललं. आणि टोपीवालीचंही डोकं त्याच बाजूला कललं!

"ओह," ती म्हणाली. "ती परत देतेय."

तिने कप ठेवला. पाणी काढलं, गाळलं, प्याली. कडीला दोरी बांधली. बादली सोडली, अगदी सावकाश. फाटक उघडलं!

मी काय ओरडलो मला माहीत नाही. दाजी खालून दुकान सोडून वर आले. मी आक्काला गदागदा हलवत होतो. ती आपली पडद्याकडे बघत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं.

"थांब रं," ती म्हणाली. "बघ ही काय करालीय."

टोपीवाली पुढे नाक्यापर्यंत पोचली होती. तिथं चहाच्या टपरीमागे मी शोभेला म्हणून एक जुनी विहीर काढली होती. तिथं कोडं नव्हतं, कुणी बाई नव्हती, मिळायचं काही नव्हतं. टोपीवालीने तिथून पाणी काढलं, गाळलं आणि पिऊन झाल्यावर म्हणाली, "हे पाणी पण परत त्याच्या घरी." कडीला दोरी बांधली आणि बादली खाली सोडली.

आणि कुठूनसा आईचा आवाज आला. "पाणी झालं न्हवं? जा आता खेळायला!"

मी हादरलोच. हे आक्काने लावलेलं मला ठाऊक नव्हतं. कुणीतरी काही मिळायचं नसताना पाणी परत केलं तरच ऐकू येईल, अशा जागी तिने ते ठेवलं होतं. म्हणजे कदाचित कुणालाच कधी ऐकू येणार नव्हतं. खाली इंग्रजी अक्षरं उमटली. टोपीवालीने ती वाचली, टोपी काढली आणि म्हणाली, "होय, आई."

आईला इंग्रजी येत नाही, पण शेवटचे ते दोन शब्द तिला कळले असावेत. तिने पाटीतली एक शेंग उचलली, ती न सोलताच परत ठेवली. मग आक्काकडे वळली. चाळिशी उलटलेली आक्का, चष्मा ओला, मांडीवर अर्धवट घडी घातलेली साडी.

"बसलीस काय गं?" आई म्हणाली. "तुझं बी झालं न्हवं? जा की आता."

आक्का उठली. कपाट उघडून तिने साड्या बाजूला केल्या, ती बेंगळूरची जुनी डिस्क बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि कॉम्प्युटरपुढे बसली.